तीनशे लिटर

माझी जाऊ वरलक्ष्मी फोनवर सरळ कधी बोलतच नाही. आधी माझी तब्येत विचारते, मग माझ्या कंबरेची कीव करते आणि शेवटी हळूच सुई टोचते.

"अक्का, अम्मांना इथं नुसता नळ फिरवला की कढत पाणी येतंय. हंड्याखाली फुंकत बसायची कटकट नाही. गोत्ता, कळलं का? गुडघे पण बरे आहेत त्यांचे."

"बरं झालं बाई," मी म्हणाले आणि फोन असा आपटला की ह्यांनी पेपरातून मान वर काढली.

सांगायला लाज कसली? मी वरलक्ष्मीवर जळते. धाकट्या दिराची, प्राणेशची, बायको होऊन ती आली त्या दिवसापासून जळते. तिचे लांब केस, तिचा गोड गळा, तिचं बोगादीचं नवं घर, सगळंच मला खुपतं. तेही एक वेळ सोसलं असतं. पण आता ती माझी सासू, आमच्या अम्मा, पळवायला निघाली होती, आणि ते मात्र मला सोसवत नव्हतं.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या ह्या कौलारू घरात मी आणि अम्मांनी सगळा संसार एकत्र केला. भांडलो, अबोला धरला, पुन्हा एकाच ताटात शेंगा सोलत बसलो. माझी आई मी लहान असतानाच गेली. माझी बाळंतपणं अम्मांनी केली. तोंडावर कौतुक म्हणून कधी केलं नाही त्यांनी, त्यांचा स्वभावच तसा. पण नरक चतुर्दशीच्या पहाटे सगळं घर त्यांच्यापुढे पाटावर बसायचं आणि त्या एकेकाच्या टाळूवर तेल घालायच्या. पहिलं तेल माझ्या डोक्यावर. वरलक्ष्मी माझ्यामागे ताटकळत असायची. थोरली म्हणून तो मान माझा, असं मी धरून चालले होते. वर्षातला तेवढा एक दिवस मी तिच्या पुढे असायचे, आणि तेवढ्यावर मी उरलेलं वर्ष काढायचे.

आमच्या न्हाणीघरात मातीच्या चुलीवर पक्का बसवलेला तांब्याचा हंडा होता. म्हैसूरकडच्या जुन्या घरांत असतो तसा. अम्मांच्या आईचा, नंजनगुडहून आलेला. अम्मा आणि वरलक्ष्मी त्याला कानडीतल्यासारखं 'हंडे' म्हणतात. पहाटे उठून त्याच्याखाली नारळाच्या झावळ्या आणि करवंट्या सारायच्या, डोळे चोळत फुंकायचं, हे काम माझं. आत पाणी छान तापायचं, बाहेर मी काळी व्हायचे.

आषाढात अम्मा चार दिवसांसाठी म्हणून बोगादीला गेल्या आणि महिना राहिल्या. तिथे गच्चीवर सोलर. प्राणेशने त्यांना सोडायला आणलं तेव्हा माझ्यादेखतच म्हणाला, "अम्मा, आता कायमची तिथंच राहा की. थंडीत इथं त्रास होतोय तुला."

अम्मा म्हणाल्या, "राहिले असते रे. पण सणाला हंडे कोण पुजणार? इथंच असायला पाहिजे मी."

मी मनात म्हटलं, ही झाली सबब. म्हातारीचं चित्त त्या नळात अडकलंय. हिला घरात ठेवायची तर इथेही नळ फिरवला की कढत पाणी आलं पाहिजे, आणि दिवाळीच्या आत आलं पाहिजे.

हे, म्हणजे माझे यजमान नरसिंहमूर्ती, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांना विषय मिळाला.

"कमलू, विजेचा गीझर घेऊ. छोटा, सुटसुटीत."

"नेमके सकाळी दिवे जातात तेव्हा काय, अम्मांना थंड पाण्यात बसवू? आणि ह्या घरातल्या तारा तुमच्या वडिलांच्या वेळच्या आहेत."

"मग गॅसचा. लगेच तापतो."

"कोंदट न्हाणीघरात गॅस नको. अम्मा आत पाऊल टाकायच्या नाहीत."

"तर मग हंडाच बरा," ते म्हणाले. "फार तर चुलीच्या धुराड्याला नवं नळकांडं बसवू. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्या भावाच्या गच्चीवर सोलर झळकतोय आणि मी धुरात मरू?"

ह्यांनी कौलांकडे बोट दाखवलं. कौलं त्या टाकीचं ओझं पेलणार नाहीत, हे मलाही दिसत होतं. म्हणून न्हाणीघराची कौलं उतरवून वर स्लॅब घालायचा ठरवला. स्लॅब घालायचा म्हणजे चुलीचं धुराडं जाणार. धुराडं गेलं की चूल गेली, आणि चूल गेली की हंडा. जाऊ दे, म्हटलं.

सोलरच्या दुकानातला माणूस मापं घ्यायला आला. त्याने विचारलं, "घरात माणसं किती?" हे म्हणाले, "तीनच. मुलं परदेशी असतात."

मी म्हणाले, "ते राहू द्या. बोगादीला आमच्या दिराकडे दोनशे लिटरचा आहे. त्याच्याहून मोठा कुठला?"

"तीनशेचा येतो. पण मॅडम, तीन माणसांना शंभर म्हणालं तरी भरपूर होतंय."

"तीनशे," मी म्हणाले. हे गॅलरीत जाऊन उभे राहिले. हसत होते की कपाळाला हात लावला होता, कोण जाणे.

धूळमाती नको म्हणून अम्मांना मीच बोगादीला पाठवलं. जिवावर आलं होतं, पण म्हटलं, परत आल्यावर कशा चकित होतील बघू. चूल फोडली. हंडा अंगणात येऊन पडला, बुडाला काळा कुळकुळीत, एका बाजूला चेपलेला. तेवढ्यात वरलक्ष्मीचा फोन.

"अक्का, हंडे काढलं म्हणे. तुम्हाला नको असलं तर मी नेऊ?"

मला असा आनंद झाला! आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्याकडे काही मागितलं होतं, आणि मागितलं काय, तर मी टाकलेलं भांडं. "ने ग, खुशाल ने," मी अगदी मोठ्या मनाने म्हणाले. प्राणेश टेम्पो घेऊन आला आणि हंडा घेऊन गेला. त्या दिवशी मी गोड शिरा केला.

सोलर बसला. उन्हात टाकी अशी चकाकायची की समोरच्या विशालाक्षी टीचर रोज विचारायच्या, "किती लिटर हो?" मी सांगायचे.

धनत्रयोदशीच्या दुपारी अम्मा घरी आल्या. मी त्यांना हाताला धरून न्हाणीघरात नेलं, नळ फिरवला. वाफ आली. अम्मांनी बोट लावलं. "कढत आहे," म्हणाल्या. मग त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. जिथे चूल होती तिथे आता पांढऱ्या टाइल्स होत्या.

"कमलाक्षी, आज नीर तुंबो हब्ब की नाही? पाणी कशात भरायचं?"

आमच्याकडे नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरायचा सण असतो. हंडा चिंचेने लख्ख घासायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, गळ्यात कारल्याचा वेल बांधायचा, पूजा करून नवं पाणी भरायचं. पहाटे त्याच पाण्याने अभ्यंग. इतकी वर्षं दर सणाला तो हंडा मीच घासला, आणि टाकी निवडताना हा सण काही माझ्या डोक्यात आला नाही. डोक्यात वरलक्ष्मी होती ना, दुसऱ्या कशाला जागाच कुठे!

"अम्मा, टाकी आहे की वर," मी म्हणाले. "तिचीच पूजा करू."

शिडी लावली. चुना, हळदकुंकू आणि कारल्याचा वेल घेऊन मी ह्या वयात स्लॅबवर चढले. टाकीला रेघा ओढल्या, वेल गुंडाळला. खाली अम्मा मान वर करून बघत होत्या.

"आता पाणी घाला म्हणालं तर कसं घालू ग?"

"घालायला नको अम्मा, ती आपोआप भरते."

"आपोआप भरलं तर सण कसला?" त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्याच पायरीवर बसल्या.

मी शिडीवरच होते तेव्हा फोन वाजला. ह्यांनी घेतला आणि अम्मांना दिला. वरलक्ष्मीचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. "अम्मा, मागच्या अंगणात चूल घातलीय. हंडे घासून तयार आहे. पहिली घागर तुमच्या हातची पाहिजे. हे गाडी घेऊन निघालेत."

अम्मा गुडघे विसरून उठल्या.

अम्मा त्याच संध्याकाळी गेल्या, आणि पहाटे हे आणि मी दोघेही त्यांच्यामागून बोगादीला गेलो. अम्मा जिथे, तिथे दिवाळी. अंगणात हंडा बसला होता. चेपलेली बाजूसुद्धा लखलखत होती. नारळाच्या झावळ्यांचा धूर माझ्या ओळखीचा होता. पाट मांडले होते. मी सवयीने पहिल्या पाटावर जाऊन बसले.

अम्मा तेलाची वाटी घेऊन आल्या. थांबल्या.

"थोडी सरक ग. वरूला बसू दे."

"अम्मा, पहिलं तेल थोरलीला असतं ना?"

"थोरलीला म्हणून कोण म्हणालं? जिनं हंड्याखाली विस्तव घातला तिला. इतकी वर्षं तू घालत होतीस, म्हणून तुला."

मी सरकले. वरलक्ष्मी बसली. तिच्या डोळ्यांत धूर गेला होता, नाक काळं झालं होतं, आणि तिच्या त्या लांब केसांत राख होती. अम्मांनी तिच्या टाळूवर तेल थापलं. ती डोळे मिटून म्हणाली, "अक्का, खरं सांगू? ह्याच्यासाठी मी लग्न झाल्यापासून तुमच्यावर जळत होते."

माझ्यावर कुणी जळत होतं, आणि ते मला तेव्हा कळलं जेव्हा जळण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

निघताना अम्मा फाटकापर्यंत आल्या. माझ्या केसांतलं जास्तीचं तेल पदराने टिपत म्हणाल्या, "माझी पातळं आणि देवाचं ताट पाठवून दे ग. हंडे इथं आहे, आता तिथं येऊन काय करू? तुला पण कष्ट नाहीत आता." त्यांनी हे टोचून म्हटलं नाही. वरलक्ष्मीसारखं टोचलं असतं तर मी भांडले तरी असते.

पातळं मी स्वतः घड्या घालून पाठवली.

आता थंडी पडलीय. दिवसभर ऊन चांगलं असतं. हे दोन बादल्यांत आंघोळ उरकतात, मी दोन बादल्यांत. काल दुपारी मी न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडला, म्हटलं, संपतंय तरी का बघू. पाणी वाहत राहिलं, आरशावर वाफ धरली, माझ्या हाताला चटके बसले, तरी ते कढतच येत होतं.

बाहेरून हे म्हणाले, "कमलू, बंद कर ग. अजून कोण आहे आंघोळीचं?"