कापलेला पलंग

"छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी घेता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. फक्त साखरेची."

"मग हरकत नाही. साखरेमुळे पुष्कळांना होतं हे. गोळ्या दोन प्रकारच्या. एक तासभर आधी, हलक्या पोटी घ्यायची; तिचा गुण चार-पाच तास. दुसरीचा दीड दिवस राहतो. पण मिस्त्री, गोळी नुसतं रक्त खेळवते. ओढ मनातच असावी लागते."

मुलीच्या वयाची बाई! मिस्त्रींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"कधीपासूनचं आहे?"

"अकरा वर्षं."

"आणि बायकोला काय सांगितलंत?"

"पलंग कापला," मिस्त्री म्हणाले.

खरंच कापला होता. लग्नात स्वतःच्या हातांनी केलेला डबल पलंग. बायकोच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता. "तुझ्या टाक्यांना धक्का नको," असं म्हणून मिस्त्रींनी मधोमध करवत चालवली, नवे पाय ठोकले आणि दोन भाग दोन भिंतींना लावले. टाके निघाले, पलंग तसेच राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मिस्त्रींनी ती अकरा वर्षं झाकूनच ठेवली.

दुपारी बायको बाजारातून आली, तर मिस्त्री घामाघूम होऊन एक पलंग दुसऱ्याकडे ढकलत होते.

"अहो, हे काय आरंभलंय?"

बोलायचं ते सकाळपासून घोकलं होतं, पण ऐनवेळी दातखीळ बसली. त्यांनी खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून तिच्या हातात दिलं आणि कशीबशी चार वाक्यं बोलले.

ती मटकन खाली बसली.

"म्हणजे... तेव्हापासून? तुमचंच दुखणं होतं?"

"लाज वाटली गं."

"आणि मला वाटलं, माझी किळस येते तुम्हाला." तिचा आवाज फाटला. "अकरा वर्षं तुमच्याकडे पाठ करून कपडे बदलतेय मी. एकदा तोंड उघडलं असतं, तर काय जीभ झडली असती?"

मिस्त्रींनी पलंग जोडला. मध्ये दोन बोटांची फट राहिली.

"उद्या पट्टी मारतो," ते पुटपुटले. मग चाचरत म्हणाले, "गोळी... घेऊ का आज?"

"आज नको. आज मला रडू दे."

ती पोटभर रडली. मग डोळे पुसून उठली, खिडकीचा पडदा ओढला आणि कपाटातून घरात घालायचे कपडे काढले. सवयीने भिंतीकडे वळली. तिथेच थबकली, आणि सावकाश मिस्त्रींकडे तोंड करून उभी राहिली. मग एकेक बटण काढू लागली.

मिस्त्रींनी पहिल्यांदाच पाहिलं. वण केव्हाच भरून पांढरा पडला होता.