हॅगर मावशीचा मंत्र

एकोणीसशे वीसच्या उन्हाळ्यात हार्लेममधल्या आम्ही सात जणी चर्चच्या तळघरात काळ्या लोकांच्या मिरवणुकीचे लाल-काळे-हिरवे झेंडे शिवत होतो. सगळ्यांत वयस्कर हॅगर मावशी. कॅरोलिनाच्या बेटांवर, गुलामीतच जन्मलेली. टाके घालताना ती पुटपुटायची, "यीला, फेले, सावा, नानी, लोलू." पाच शब्द झाले की पुन्हा पहिल्यापासून.

"मावशी, म्हणजे काय गं?" मी एकदा विचारलं.

"आजीचा मंत्र. म्हटला की टाका उसवत नाही."

"पण अर्थ?"

"मंत्राला कुणी अर्थ विचारतं का? शीव मुकाट्यानं."

शनिवारी वरच्या सभागृहात आफ्रिकेला परत जाण्याबद्दल भाषण होतं. ते ऐकायला आलेला एक खलाशी पाणी शोधत खाली उतरला. लान्साना त्याचं नाव, आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचा. मावशी 'लोलू'वर आली आणि तो दारातूनच म्हणाला, "वोइता."

मावशीची सुई थांबली. "काय म्हणालास?"

"सहा. पाचानंतर सहाच येतात ना, आजी? तुम्ही आमच्या मेंदे भाषेत मोजताय."

"मोजतेय?" मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. मग एकदम चिडली. "सत्तर वर्षं मंत्र म्हणून जपला, आणि हे नुसते आकडे?"

आम्ही हसलो. ती नाही हसली. तिनं खुर्ची पुढे सरकवली. "बस इथं. पुढचे सांग."

वर लोक टाळ्या वाजवत होते, 'आफ्रिका आपली' म्हणत होते. खाली लान्साना भाषण विसरून दहापर्यंत शिकवत होता.

"मी तिकडे आले तर घेतील मला?" मावशीनं मध्येच विचारलं.

"आधी विचारतील, कुणाच्या घरची?"

"ते मला ठाऊक नाही रे." ती हळूच म्हणाली. "आजीला मालकानं दिलेलं नाव तेवढं माहीत आहे."

जाताना लान्सानानं आपल्या गावाचा पत्ता लिहून दिला.

मावशीनं माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं: सुईला काय म्हणता? पावसाला? आजीला? उत्तर यायला सात महिने लागले. शब्द होते, आणि लान्सानाच्या आईचा एक प्रश्नही होता: तुमची आजी टाका कसा घालायची? त्यावरून गाव नाही, तरी मुलूख कळेल कदाचित.

मावशीनं पत्र माझ्या हातातून घेतलं, उजेडाला खिडकीशी बसली आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा मागितला.