इथले उभे राहतात

शहर दाखवणाऱ्या निवेसने छत्री उंच धरली आणि आपल्या आठ जर्मन पाहुण्यांना पुलाच्या कडेला ओढून घेतलं. समोरून सामानाची हातगाडी ढकलत एक हमाल ओरडत येत होता.

“तुम्ही इथंच राहता?” गाडी गेल्यावर लिंडनबाईंनी विचारलं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. सकाळपासून त्यांचे प्रश्न काही संपत नव्हते.

“ती काय, त्या हिरव्या खिडकीमागे,” निवेस म्हणाली.

खिडकी तिचीच होती, पण ईस्टरपर्यंत. नवरा ब्रुनो गेला आणि घरमालकाने घर पर्यटकांना रोजाने द्यायला काढलं. आता ती समुद्रावरच्या लांब पुलापलीकडे, मेस्त्रेत राहायची. सकाळी बसने यायची आणि संध्याकाळी बसने जायची. व्हेनिसमध्ये जन्मलेल्या माणसाने मेस्त्रेत बिऱ्हाड करायचं म्हणजे नाकच कापलं जायचं. म्हणून तिने कुणाला कळूच दिलं नव्हतं. आपलं म्हणून सांगावं असं माणूस तरी कुठे उरलं होतं? तिकडच्या स्वयंपाकघरात एकटीने सूप पिताना ते तिला फार लागायचं.

गल्लीवरच्या खिडकीतून कपडे वाळत घालणाऱ्या जुन्या शेजारणीने, इनेसने, वरूनच हाक मारली.

“अगं निवेस! असतेस कुठे? संध्याकाळी तुझ्याकडे दिवा नाही, आणि सकाळी तुझ्या दारातून भलतेच लोक बॅगा ओढत बाहेर पडतात!”

“भाचा आलाय.”

“रोज नवा भाचा? भाग्यवान आहेस बाई!”

इनेस खिदळली. निवेसही हसली, पण तिचे कान तापले. पाहुण्यांना ही बोली कळत नाही तेच बरं, असं मनाशी म्हणत ती भरभर पुढे निघाली.

दुपारी मोठा कालवा ओलांडायला ती त्यांना मासळीबाजारासमोरच्या धक्क्यावर घेऊन गेली. पलीकडे नेणाऱ्या होडीचं मागचं वल्हं आल्विझेच्या हातात होतं. तो तिच्या शाळेतला. केस पिकले तरी जिभेला हाड नव्हतं. होडीत भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन म्हाताऱ्या आधीच ताठ उभ्या होत्या.

“त्या बसत का नाहीत?” लिंडनबाईंनी विचारलं.

“इथले उभे राहतात. बसतात ते बाहेरचे.”

हे वाक्य ती वर्षानुवर्षं सांगत आली होती, तेही उभ्यानेच. आज मात्र ते बोलून झाल्यावर तिला उभं राहवेना. ती लिंडनबाईंच्या शेजारी फळीवर बसली.

आल्विझेचं वल्हं पाण्यात अडलं.

“काय गं? गुडघे गेले?”

“गुडघे शाबूत आहेत,” ती आपल्या बोलीत म्हणाली. “घर गेलं. मी मेस्त्रेत राहते.”

म्हाताऱ्या एकदम पाण्याकडे बघू लागल्या. आता संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळणार होतं. आल्विझेने दोनदा वल्हं मारलं.

“माहीत आहे. मीही तिकडेच असतो. दोन वर्षं झाली.”

“तू? मग उभा कसा रे?”

“बसलो तर होडी कोण चालवणार, तुझा बाप?”

“बसमध्ये कधी दिसला नाहीस.”

“तू दिसायचीस,” तो म्हणाला. “मी तोंड खिडकीकडे फिरवायचो.”

निवेसला राग यायला हवा होता. पण तिला एवढंच वाटलं, की इतके महिने त्या बसमध्ये ओळखीचं कुणीतरी होतं आणि आपण घरापर्यंत एकट्याच गेलो. तिचे डोळे भरून आले.

“काय म्हणाले ते?” लिंडनबाईंनी विचारलं.

“म्हणाला, आम्ही दोघं एकाच बसने घरी जातो.”

या शहराच्या गल्ल्यांतून बस धावत नाही, हे सकाळपासूनच्या पायपिटीने आठही जणांना चांगलंच कळलं होतं. लिंडनबाईंनी त्या हिरव्या खिडकीबद्दल विचारायला तोंड उघडलं, निवेसकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.