किनारा नसलेला देश

चपला बाहेर. मशीनच्या खोलीत धूळ चालत नाही. सुमती गार फरशीवर अनवाणी उभी, बसत नाही.

"चार वाजता पोरं येतीन," मार्तंड म्हणाला. "तोवर आटपू."

मार्तंड तिचा धाकटा भाऊ. सीताबर्डीवरच्या या संगणकाच्या क्लासात शिकवतो. तिची कादंबरी एका प्रकाशकाने घेतली आहे, पण नकाशा जोडून द्यायच्या अटीवर. कारण कादंबरीतला देश कुठेच नाही आणि त्यातली गावं दर प्रकरणात सरकतात. तिने हाताने काढलेल्या नकाशांतही ती सरकली. नकाशे फाडले.

मार्तंडकडे फ्लॉपी आहे. नसलेल्या देशांचे नकाशे काढणारा प्रोग्राम. फुकट. पहिल्याच पडद्यावर लिहून येतं: कॉपी करा, मित्रांना द्या.

"फुकट काहून देते हा माणूस?"

"रिकामा असन. तुझ्यासारखा."

कॉपी सुरू. कॉपी सुरू. अडकली. फ्लॉपी काढली, फुंकली, पुन्हा सरकवली. सुमती दारापर्यंत गेली, परत आली.

नकाशा एक

डोंगर उमटले. नद्या उमटल्या. चारी बाजूंनी समुद्र.

"हा कोणी मागितला?"

"तो देतेच. जमीन म्हटली की किनारा आला, ताई."

"माझ्या देशात नाही. मी पाह्यलाच नाही समुद्र."

कादंबरीत गोपिका आणि पंचफुला या जुळ्या बहिणी डोंगरावर भांडतात, पाठ फिरवतात, आपापल्या नदीकाठाने निघतात. शेवटच्या पानावरही चालतच असतात. आधीच्या दोन प्रकाशकांनी सांगितलं होतं, त्यांची भेट घडवा, छापतो. सुमतीने बाड परत आणलं. न थांबणं, न भेटणं, एवढंच तिला लिहायचं होतं.

किनारा आला की त्या थांबणार.

"काढून टाक."

नकाशा दोन

मार्तंडने नकाशाच्या कडेचे सगळे चौकोन उंच केले. समुद्र गेला.

नद्याही गेल्या.

"आता काय झालं गा?"

"पाण्याले उतार पाहिजे. कुठं तरी जमा व्हाले पाहिजे. नाही तर हा नदी काढतच नाही."

"मग जुळ्या कशाच्या काठाने चालतील?"

"चालतीन काय, तहानेनं मरतीन. तिसऱ्या प्रकरणात."

सुमती हसली नाही. घड्याळ पाहिलं. बाहेर जिन्यावर पोरांचे आवाज. बसली. उठली. पडद्यावर कोरडा देश, कडेपर्यंत.

"एखादा खड्डा दे," ती म्हणाली.

"कुठं?"

"मधात. आपल्या अंबाझरी तलावाएवढा."

नकाशा तीन

मधला चौकोन खाली गेला. तलाव भरला. आणि कडेच्या डोंगरावरून नद्या निघाल्या, एक, दोन, पाच, सगळ्या आत वळत. गोपिकाची नदी. पंचफुलाची नदी. दोन्ही त्याच तलावात.

मार्तंड खुर्चीवर मागे रेलला. "घे. भेटल्या. एवढ्या वर्षांची कटकट मिटली."

"नाही भेटल्या."

"ताई, एकच तलाव आहे."

सुमतीने काचेवर बोट टेकवलं. गोपिका इथे पोचते. पंचफुला समोरच्या काठाला. मधे पाणी. संध्याकाळी पलीकडे कोणाची तरी चूल पेटलेली दिसते. सकाळी दोघी उठतात आणि

बोट काठाकाठाने फिरू लागलं. एकीची वाट. मग त्याच दिशेने दुसरीची.

"दोघी एकाच दिशेनं निघाल्या तर?"

मार्तंडने बोटाकडे पाहिलं. "तर फिरतच राहतीन. एकमेकींच्या मागं."

"हो."

"पण एक जरी थांबली तरी भेट होते."

"हो."

"मंग कोण थांबते?"

पोरं आत आली, चपला काढत, ढकलाढकली करत. मार्तंडने प्रिंटर सुरू केला. कागद करकरत, ओळ ओळ करून बाहेर येऊ लागला. सुमतीने पिशवीतून बाड काढलं, शेवटचं प्रकरण सोडवून वेगळं केलं, आणि बाकीचं भावाच्या मांडीवर ठेवलं.

"एवढं आज पाठव. नकाशासोबत."

"आणि ते शेवटचं?"

ती दाराशी पोचली होती. घोळक्यातून पायाने चपला शोधत होती.

"ते परत लिहाचं आहे. तुले माहीत आहे का," तिने मागे न पाहता विचारलं, "त्या दोघींत आधी थकते कोण?"