गालात धरलेली गोळी

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते गप्प बसतात. आणि गप्प बसून जे करतात ते खोट्याच्याही वरताण असतं. रोज जेवण झालं की माझ्यासमोर गोळी तोंडात टाकायची, पाण्याचा घोट घ्यायचा, शहाण्यासारखी मान डोलवायची. आणि गालात धरलेली गोळी मोरीत जाऊन थुंकायची!

हे उघडं पडलं त्यांची लघवी अडली तेव्हा. भाजीबाजारात लिलाव पुकारायचं त्यांचं काम. ऐन बोलीत कळवळून खालीच बसले. दवाखान्यात नळी घातली तर लालभडक पाणी, त्यात गुठळ्या. मागेही असंच रक्त गेलं होतं, म्हणून तर डॉक्टरीणबाईंनी ती गोळी दिली होती.

"गोळी चालू आहे ना?" बाईंनी विचारलं.

"चालू आहे," मी ठणकावून सांगितलं.

हे छताकडे बघायला लागले. काय ते मला कळलं.

"अहो?"

"रक्त थांबलं होतं गं. आणि शेजारच्या गाळ्यावरचा म्हणाला, त्या गोळीनं पुरुषाचं हार्मोन कमी होतं, आवाज बायकी होतो. बायकी आवाज कोण ऐकणार?"

"माझा बायकीच आहे. गल्लीत कोण ऐकत नाही, नाव सांगा!"

बाई हसल्या, पण नीट समजावलं. मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. पुरुषी हार्मोन तिला सारखं सांगतं, वाढ. वाढायचं तर रक्त हवं, म्हणून तिच्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या नाजूक, जरा ताण आला की रक्त येतं. गोळीनं ग्रंथीतला हार्मोनचा जोर उतरतो, नव्या वाहिन्या येणं मंदावतं, काही सुकूनही जातात. म्हणून तर रक्त थांबलं होतं. गोळी सोडली आणि रान मोकळं झालं.

"पुरुषी आवाज वयात येताना एकदा फुटतो तो कायमचा, काका. तो ह्या गोळीनं जात नाही. दुसरं काही जाणवलं तर मला विचारा, गाळेवाल्याला नको. आता नाही घेतली आणि रक्त चालूच राहिलं, तर ऑपरेशन करावं लागेल."

बाई गेल्या. मी पदर खोचून तोंड उघडणार, तोच हे भिंतीकडे वळून म्हणाले, "आवाज गेला असता तर मी कोण उरलो असतो? पोत्यांशेजारी बसलेला एक म्हातारा."

एवढा मोठा बाजार एका हाकेत गप्प करणारा माणूस, आणि हे बोलणं ऐकायला मला कान जवळ न्यावा लागला. तोंडाशी आलेलं सगळं गिळलं मी. चादर उगाचच सारखी केली. इतके दिवस हा माणूस माझ्या शेजारी झोपून एकटाच भीत होता.

पण निकाल तर द्यायलाच हवा होता. मी म्हणाले, "तुम्ही भित्रे आहात. खुशाल असा, त्याला माझी हरकत नाही. पण ह्यापुढे भ्यायचं तर मला सांगून भ्यायचं."