माडीवरची झडप

"त्या झडपेतून माझा बाप खाली गेला, आई गेली. दोघंही पेटीत होती. मी अजून श्वास घेतोय, एनिड," विल्फ्रेड बायकोला म्हणाला.

"घेतोस खरा, सोबत माझाही जीव घेतोस," एनिड म्हणाली.

इंग्लंडातल्या सफोकमधल्या त्या लाकडी सांगाड्याच्या, गवताने शाकारलेल्या घराचा जिना धुरांड्याला विळखा घालून चढे, आणि वळणावर ओकचा खांब असा आडवा येई की धडधाकट माणसालाही अंग चोरावे लागे. शवपेटी तेथून वळत नसे. म्हणून बांधणाऱ्यांनी माडीच्या फळ्यांच्या जमिनीत, पेटी थेट खाली सोडायला, झडप ठेवली होती. पाय निकामी झाल्यापासून विल्फ्रेड वरच अडकला होता. एनिडने खांब कापण्याची परवानगी मागितली, तेव्हा जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी कार्यालयाने तिला घराचे वय ऐकवले. विल्फ्रेडचे कोणी विचारले नाही.

त्यातच छपराचे आढे, म्हणजे माथ्याची कड, नव्याने शाकारले जात होते. जन्मभर परक्यांची छपरे शाकारलेला विल्फ्रेड स्वतःच्या डोक्यावरचे काम नुसते ऐकत होता. प्रत्येक ठोक्यावर त्याचा आक्षेप असे, आणि तो घेऊन एनिडला अंगणात पळावे लागे. त्याच्याच हाताखाली शिकून केस पांढरे झालेला बार्नबी शिडीवरून एवढेच म्हणे की गुरुजींनी एकदा येऊन पाहावे. आज काम संपून शिड्या निघणार होत्या.

एनिडने झडपेवरची सतरंजी ओढून काढली, झडप उघडली आणि बार्नबीला दोरांसह आत बोलावले.

"पेटीतली माणसं आडवी गेली," ती नवऱ्याला म्हणाली. "तू खुर्चीत बसून जा. टोपी घाल."

विल्फ्रेडने टोपी घातली आणि डोळे गच्च मिटले.

दोरांनी खुर्ची खाली उतरली. अंगणात नेल्यावर त्याने आढे बराच वेळ न्याहाळले. "डावीकडे जाड झालंय," तो म्हणाला. मग थांबून, "राहू दे. वारा तिकडूनच येतो."

बार्नबी दोर गुंडाळता गुंडाळता थबकला. "गुरुजींना आता वर कसं न्यायचं?" त्याने विचारले.

"आजवर कोणाला परत न्यायची वेळच आली नाही," विल्फ्रेड म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी हसला.

एनिडला मात्र हसू आले नाही. आता त्याला खालीच झोपावे लागणार, आणि माडीतच जोडलेला पलंग जिन्यातून उतरणार नव्हता, झडपेतूनही नाही. घराचा, कार्यालयाचा आणि स्वतःच्या घाईचा तिला सारखाच संताप आला. पाय आपटत ती वर गेली आणि झडपेतून तिने घोंगड्या टाकल्या, मग त्याची उशी. बार्नबीने त्याला एव्हाना आत आणले होते; ती उशी त्याने चुलीपाशी बसल्या बसल्या झेलली.

"तुझीही टाक," तो खालून म्हणाला.

एनिडने आपली उशी सोडली, आणि झडप उघडीच ठेवून त्या खांबापाशी अंग चोरत ती जिना उतरली.