शाळेच्या रुळाची जबानी

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रूळ पाहिलाही नसेल. हजेरीपटावर सरळ रेघा मारायला वापरतात तो हातभर लांबीचा गोल लाकडी दांडा म्हणजे मी. राधानगरीच्या एका सुताराने मला शिसवी लाकडातून कातून काढलं, तेल पाजलं आणि धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका शाळेला दिलं. तिथे माझं कौतुक फार झालं. पण रेघा मी सकाळी थोडा वेळच मारायचो. उरलेला दिवस मी मुलांच्या हातांवर असायचो. किती तळहात मी लाल केले याची गणती नाही. पुढे मुलांना मारायला कायद्याने बंदी आली आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. ते धूळ खाण्याचे दिवसच माझे चांगले दिवस होते, हे मला आता कळतं.

मला पुन्हा खाली काढलं ते उदयसिंह सरांनी. ते शाळेचे मुख्याध्यापक. त्या वर्षी जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांसाठी एक आराखडा आला होता. प्रत्येक मुलाला तपासायचं आणि तीन स्तर करायचे. वर्गात शिकवलेलं ज्याला पुरतं तो पहिल्या स्तरात. ज्याला थोडा हात द्यावा लागतो तो दुसऱ्या स्तरात. अशा पाचसहा जणांना रोज अर्धा तास वेगळं शिकवायचं. आणि तरीही जमत नाही तो तिसऱ्या स्तरात. त्याला एकट्याला समोर बसवून, त्याचं नेमकं कुठे अडतं ते शोधायचं. दर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. तक्त्यात शेवटचा रकाना होता, ‘न येण्याचे कारण’.

तक्ता सरांनी साध्या पट्टीने आखला. तिसऱ्या स्तरात अकरा मुलं निघाली. शेवटच्या रकान्यात सरांनी अकरा वेळा एकच शब्द लिहिला, ‘आळस’.

आठवड्याभरात शाळाशाळांचे आकडे मोबाइलच्या ग्रुपवर आले. आमची शाळा सगळ्यांत खाली होती. कुणीतरी हसणारं तोंडही टाकलं होतं. सर बराच वेळ मोबाइलकडे बघत बसले. मग खुर्चीवर चढले आणि त्यांनी मला कपाटावरून काढलं.

“सहा आठवड्यांत तिसरा स्तर रिकामा पाहिजे,” ते मीनाक्षी मॅडमना म्हणाले.

मीनाक्षी मॅडम कोल्हापुरातून आलेल्या, नोकरीत नवीन. त्या दबकत म्हणाल्या, “सर, पण एकेकाला घेऊन बसायचं लिहिलंय.”

“घेऊनच बसणार हाय मी एकेकाला. तुम्ही तुमचा वर्ग बघा.”

दुसऱ्या दिवसापासून चुकलेल्या प्रत्येक शब्दाला एक फटका सुरू झाला. अकराही मुलं ओळीत उभी राहायची. कुणी चड्डीत मुतायचं, कुणी सरांचे पाय धरायचं. मधली भिंत एका विटेची होती. पलीकडे मॅडम कविता शिकवायच्या आणि फटके सुरू झाले की आवाज चढवायच्या.

सगळ्यांत जास्त मार खायची ती चौथीतली संघप्रिया. तिचा बाप बुद्धभूषण दुधाचा टेम्पो चालवायचा. पोरगी फळ्यावरचं मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घ्यायची. पण सर शब्द सांगून लिहायला लावायचे आणि तिथे सगळं बिघडायचं. सर वर्गात फिरत, पाठमोरे शब्द सांगायचे. ती त्यांच्या पाठीकडे बघायची, मग शेजारच्या अक्षताच्या पाटीकडे. सर म्हणायचे ‘घाट’, ही लिहायची ‘काठ’.

“बघून लिहिती! हात काढ.”

ती हात काढायची. रडायची नाही. सरांना तो माज वाटायचा.

त्या मंगळवारी तिचे नऊ शब्द चुकले. सातव्या फटक्याला माझ्याखाली काहीतरी कट्कन मोडलं. हिरवी फांदी मोडावी तसं. सरांनी आठवा मारला.

“सर, तिचं बोट वाकडं झालंय की वो!” अक्षता किंचाळली.

सरांनी नववा मारला.

त्या वेळी मीनाक्षी मॅडम धावत आल्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. सरांनी हिसका दिला. माझं टोक मॅडमच्या हनुवटीवर बसलं, कातडी फाटली आणि रक्त साडीवर गळायला लागलं. मॅडमनी ते पुसलंसुद्धा नाही. संघप्रियाला उचललं, गाडीवर पुढ्यात उभी केली आणि थेट दवाखाना गाठला.

तिथलं मला नंतर कळलं. डॉक्टरांनी बोट बांधलं. बांधताना त्यांचं लक्ष तिच्या कानाकडे गेलं. कानात पू वाळला होता. ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली, “संघप्रिया!” ती हलली नाही. मोठ्याने मारली, तरी नाही. दोन्ही कानांचे पडदे फाटले होते. पोरगी इतकी वर्षं ओठ बघून शिकत होती, आणि सर पाठमोरे बोलत होते.

इकडे बातमी बुद्धभूषणच्या कानावर गेली. टेम्पो त्याने शाळेच्या फाटकावर घातला. फाटक पाडूनच तो आत आला. सरांनी ऑफिसला आतून कडी घातली होती. त्याने दुधाचा रिकामा कॅन खिडकीवर मारला, काच फोडली, हात आत घालून कडी काढली. त्याच्या कोपरापासून रक्त ओघळत होतं. मी टेबलावर होतो. त्याने मला उचललं.

“हात ठेव टेबलावर.”

“अहो, माझं ऐका तरी,” सर भिंतीला टेकले.

“माझ्या पोरीचं ऐकलंस व्हय? ठेव म्हणतो न्हवं हात!”

त्याने सरांचं मनगट पकडून टेबलावर दाबलं. पहिल्या फटक्याला सरांचं घड्याळ फुटलं. दुसऱ्याला सर लहान पोरासारखे ओरडले. तिसऱ्याला हाड मोडलं. चौथ्यासाठी मी वर गेलो आणि तिथेच थांबलो.

दारात संघप्रिया उभी होती. हात गळ्यात बांधलेला, मागे मॅडम. तिला ओरडणं ऐकू येत नव्हतं. तिला फक्त बापाचं तोंड दिसत होतं आणि बापाच्या हातात मी.

बुद्धभूषणने मला खाली टाकलं.

पोलीस आले. सरांवर गुन्हा नोंदवला, बुद्धभूषणवरही नोंदवला. मला फडक्यात गुंडाळून ठाण्यात आणलं. तिथे मीनाक्षी मॅडमचा जबाब झाला. त्या म्हणाल्या, “एवढंच लिहू नका की मी सोडवायला गेले. तीन आठवडे मी भिंतीपलीकडून ऐकत होते, हेही लिहा.”

सर निलंबित झाले. तक्ता मॅडमनी पुन्हा केला. अकरा मुलांना त्यांनी एकेक करून समोर बसवलं. एकाला फळ्यावरचं दिसत नव्हतं. दोघी ऊसतोडीच्या फडावर गेल्याने निम्मं वर्ष शाळेत नव्हत्या. एकाच्या घरी कन्नड बोलायचे. आळस एकाचाही निघाला नाही.

बुद्धभूषणला दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यावी लागायची. एकदा तो हवालदाराला म्हणाला, “सायेब, केसचं काय बी होऊ दे. पर पोरगी मला भ्याली. घरात मी जरा वरडलो, की ऐकू येत नसलं तरी माझं तोंड बघूनच हात काढून हुबी ऱ्हाती. मी कधी बोट लावलं न्हाय तिला. तरी हात काढती.”

बोलता बोलता तो बाकावर बसला आणि त्याने तोंड गमज्यात लपवलं. मी समोरच्या फळीवर होतो. मला पहिल्यांदाच वाटलं, आपण सुताराच्या हातातच मोडलो असतो तर बरं झालं असतं.

पुढे संघप्रियाच्या कानांचं ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या तपासणीत ती तिसऱ्या स्तरातून दुसऱ्यात आली. एका सोमवारी बुद्धभूषण आला तो दारातूनच बोलायला लागला.

“सायेब, काल टेम्पोची किल्ली सापडंना म्हणून वरडलो. पोरीनं हात न्हाय काढला. म्हणाली, ‘पप्पा, हळू बोला की, मला ऐकू येतंय आता.’ ”

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला वापरतो त्याच्यासारखा मी होतो. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणी शिक्षक व्हाल, कुणी आईबाप. पोर चुकलं तर त्याच्यापुढे बसा, त्याच्या तोंडाकडे बघा आणि विचारा, “बाळा, तुझं कुठं अडतंय?” आणि ते सांगेपर्यंत उठू नका.